मिठातली तसबीर

"भाड्याचं मागून बघू. आधी सांगा, तुमाला न हालता बसता येतं का?"

आष्टीत खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. मास्तरांची, म्हणजे आमच्या ह्यांची, बदली तिथल्या शाळेत झाली होती. सामान दारात बैलगाडीत, उन्हानं माझा जीव कासावीस झालेला, आणि हा लांब नाकाचा म्हातारा एक डोळा मिटून माझ्याकडं बघतोय. मी नेकनूरची. तोंड आवरायची सवय मला माहेरी कुणी लावलीच नाही. म्हटलं, "बसता येतं. पन कावून बसायचं?"

"येतं म्हनली!" म्हाताऱ्यानं आत ओरडून सांगितलं. "खोली दिली गं ह्यांना!"

आतून बायकोचा आवाज आला, "द्या की. पन आधी घोटभर पानी द्या त्यांना, मग बसवा."

ह्या दोन माणसांच्या शेजारी माझ्या संसाराची सुरुवातीची वर्षं गेली. म्हातारे निजाम सरकारच्या नोकरीत गिरदावर होते. जन्मभर घोड्यावर बसून गावोगावची शेतं आणि पिकं तपासत फिरले. पेन्शन झाल्यावर घोडं विकलं आणि घरी बसून डब्यांना भोकं पाडायला लागले. गावात त्यांना सगळे सुईसाहेब म्हणायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे, त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची.

भोकं पाडायचे ती तसबिरी काढायला. तसबीर म्हटली की भिंगाचा मोठा पेटारा लागतो, असं आम्हाला वाटायचं. सुईसाहेबांकडं भिंगबिंग काही नव्हतं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आतून काजळीनं काळा केलेला. त्याच्या एका बाजूला पितळेचा पातळ पत्रा आणि त्या पत्र्याला सुईच्या टोकानं पाडलेलं भोक. भोकासमोर, डब्याच्या आत, मसाला लावलेली काच. भोकावरचं झाकण काढायचं, उजेड आत जाऊ द्यायचा आणि झाकण लावायचं. एवढंच. भर उन्हात एक विडा लावून होईपर्यंत झाकण उघडं ठेवायचं, असा त्यांचा हिशेब होता. काकूंनी पानाला चुना लावला की झाकण काढायचे, विडा तोंडात गेला की लावायचे. आभाळ आलेलं असलं तर काकूंना दोन विडे लावावे लागायचे, आणि मग दुसरा माझ्या वाट्याला यायचा.

आता सुया कुणाच्या? माझ्या! शिवणाच्या डबीतली बारीकातली बारीक सुई गेली म्हणून समजायचं. चार दिवसांनी टोक मोडून परत डबीत येऊन पडलेली असायची, जणू मला कळणारच नव्हतं. मी ओट्यावर उभी राहून भांडायची. ते शांतपणे म्हणायचे, "मास्तरीणबाई, भोक जेवढं बारीक, तेवढी नजर साफ." चष्मासुद्धा वापरत नसत. पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडून ते डोळ्याला लावायचे आणि त्यातून कागद वाचायचे. मास्तर म्हणाले, मी करून बघितलं, खरंच स्वच्छ दिसतं. मी म्हटलं, तुम्ही आता त्यांच्या नादी लागू नका.

त्यांनी आमच्या भाड्याच्या खोलीच्या दारालासुद्धा भोक पाडून ठेवलं होतं. मला काय माहीत? दुपारी दार-खिडकी लावून पडले होते, तर समोरच्या भिंतीवर काहीतरी हलतंय. बघते तर रस्ता! उलटा. माणसं पाय वर, डोकं खाली, आणि मुकाट चाललेली. त्यात आमचे मास्तर शाळेतून येताना दिसले. टोपी खाली, जोडे आभाळात, आणि चालणं तेच गंभीर. मी अशी काही हसले की ह्यांनी आत आल्या आल्या विचारलं, काय झालं. पण कुणी बाहेरून आत बघितलं तर काय, म्हणून मी ते भोक कणकेनं बुजवून टाकलं. संध्याकाळी सुईसाहेब दारात. "कनीक काढा हो तेवढी. जगातली पहिली तसबीर अशीच व्हती, भिंतीवरची. नुसती धरून ठिवता येत नव्हती मान्साला."

धरून ठेवणं, हे त्यांचं वेड होतं. कुणीही घरी आला, अगदी भाजी विकायला आला, तरी त्याला ही गोष्ट ऐकावी लागायची. फ्रान्सात कुणा एका गृहस्थानं म्हणे पत्र्याला डांबर फासलं, पत्रा डब्यात घालून खिडकीत ठेवला, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत. समोरची घरं पत्र्यावर उमटली. पण दिवसभरात सूर्य इकडून तिकडं गेला, त्यामुळं घरांच्या दोन्ही भिंतींवर ऊन आलं.

मी म्हटलं, "दोन्हीकडून ऊन? मग खोटीच की ती तसबीर."

"खोटी कशी?" ते असे खूश झाले जसं मी त्यांना काही बक्षीस दिलं. "त्या दिसभराची हाय ती. दिस काय एका जागी उभा ऱ्हातो व्हय?"

दुसरी गोष्ट विलायतेतल्या एका मडकी-बशांच्या कारखानदाराच्या मुलाची. त्यानं चांदीचं पाणी लावलेल्या कागदावर पानाफुलांच्या आकृत्या उमटवल्या, पण त्या पक्क्या करायचं औषध त्याला सापडलं नाही. उजेडात नेलं की सगळा कागद काळा पडायचा. मग तो बिचारा मेणबत्तीच्या उजेडात चोरून बघायचा, आणि प्रत्येक बघण्यानं ते चित्र थोडं थोडं मरायचं. ही गोष्ट सांगताना सुईसाहेबांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं. ते औषध पुढं सापडलं, त्याचं नाव हायपो. दिसायला खडीसाखर. काकू त्याची बरणी फडताळात सगळ्यात वर ठेवायच्या, पाहुण्याच्या दुधात पडायला नको म्हणून.

काकूंबद्दल काय सांगू? ती बाई मी बसलेली बघितली ती फक्त विडा लावताना. बाकी वेळ आडावर, चुलीशी, अंगणात, कुणाच्या बाळंतपणाला, कुणाशी भांडायला. सुईसाहेबांनी त्या अंगणाच्या कितीतरी तसबिरी काढल्या. आड आला, दोरी आली, वाळत घातलेलं लुगडं आलं. काकू एकाही तसबिरीत नाहीत. उघड्या झाकणासमोरून चालत्या माणसाचं काहीच उमटत नाही. फार तर धुरासारखं काही दिसायचं. सुईसाहेब त्या धुरावर बोट ठेवून लोकांना सांगायचे, "ही आमची मंडळी."

त्यांना काकूंची एक तसबीर हवी होती. एवढंच. ते मला उघड बोलून दाखवायचे. "मुलूखभरच्या जमिनी बघितल्या, मास्तरीणबाई. घरातलं मानूस बघायचं ऱ्हाऊन गेलं. आता डोळं असंपतवर बघून ठिवावं म्हनतो."

आम्ही राहायला गेलो त्याच वर्षी एकदा काकू कशाबशा तयार झाल्या. नवं लुगडं नेसल्या, कुंकू रेखलं, आडाला टेकून उभ्या राहिल्या. विडा मी लावला. झालं! दुसऱ्या दिवशी सुईसाहेब हर्षानं काच घेऊन अंगणात आले आणि आभाळाकडं धरून दाखवायला लागले. शेजारची आत्याबाईही आली होती. आता काचेत सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. काकूंचा गोरा चेहरा कोळशासारखा काळा, आणि कपाळावर जिथं कुंकू, तिथं नुसती कोरी काच. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

आत्याबाई म्हणाली, "अगं बया! कुंकू कुठं हाय?"

काकूंनी काच हातात घेतली, नीट बघितली आणि धुण्याच्या दगडावर फेकून मारली. मग घरात जाऊन मूठभर मीठ-मोहरी घेतली, आधी स्वतःवरून उतरवली, मग नवऱ्यावरून, आणि चुलीत टाकली. मोहरी तडतडत होती आणि काकू रडत होत्या. "नवरा धडधाकट हाय आन माझं कपाळ पुसलं ह्यांनी! परत ह्या डब्याम्होरं उभी ऱ्हायले तर नाव बदलीन."

त्यानंतर काही वर्षं तो विषय घरात निघाला नाही. सुईसाहेब आड आणि दोरी काढत राहिले.

मग काकूंच्या पायावर सूज आली. आधी पायावर, मग चेहऱ्यावर. चार पावलं चालल्या की धाप लागायची. बीडच्या शिफाखान्यातल्या हकिमानं नाडी बघितली आणि सुईसाहेबांना बाहेर नेलं. परत आले तेव्हा त्यांचं नाक आणखी लांब झाल्यासारखं दिसत होतं. तेव्हा तिकडं मोठी लढाई चालू होती आणि विलायती माल कुठंच मिळत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी ते गाडी जोडून नगरला गेले आणि कुणाच्या तरी हातापाया पडून काचांचं एक खोकं मिळवून आणलं. नगर इंग्रजांचं, आष्टी निजामाची, मधे जकातीचा नाका. तिथं काय झालं ते त्यांनी ओसरीवर बसून सांगितलं.

"जवान म्हनला, खोक्यात काय हाय? म्हनलं, काचा. म्हनला, उघडा. म्हनलं, दादा, उघडलं तर मरतेत त्या. तो म्हनला, म्हंजे जित्राब हाय का आत? मग त्याची जकात येगळी!" ते हसले, पण हसणं मधेच थांबलं. "एकेक काच काळ्या कागदातून काढली, उन्हाकडं धरून बघितली, फडक्यानं पुसली आन परत कागदात गुंडाळून ठिवली. लई भला मानूस. एकबी फुटू दिली न्हाई."

उजेड लागला की त्या काचा गेल्याच. अख्खं खोकं फुकट. घरात जुन्यांपैकी एकच काच उरली होती, आणि बरणीच्या तळाशी चिमूटभर हायपो, जेमतेम त्या एका काचेपुरता. तसबिरीचा कागद विकत मिळत नव्हता, तो घरीच करावा लागणार होता. पण हे सगळं जमलं तरी काकू कुठं तयार होत्या?

"तुमी सांगा तिला," ते मला म्हणाले. ह्या माणसानं माझ्याकडं सुया सोडून काही मागितल्याची ही पहिलीच वेळ.

मी काकूंच्या अंथरुणाशी बसले आणि समजावलं, की उलटं असतं ते काचेत. काचेवरून कागदावर उतरवलं की सुलटं होतं. कागदावर कुंकू दिसतं.

"लाल?"

आता काय सांगू! "काळं," मी म्हटलं.

"काळं! कपाळाला काळा बुक्का लावून बसू व्हय मी? नवरा म्होरं उभा असताना?"

मी उठून चुलीकडं गेले. माझ्यासारखी बाई हरली, ह्यावरूनच काय ते समजा.

तोडगा निघाला तो मिठावरून. एका दुपारी मी काकूंच्या चुलीशी त्यांच्यासाठी पेज करत होते. सुईसाहेब वाडगा घेऊन आले आणि मिठाच्या बरणीत हात घातला. काकूंनी अंथरुणावरून विचारलं, "अवो, मीठ कावून न्यायलात?"

"कागद करायलोय. कागद आधी मिठाच्या पान्यात भिजवायचा, मग चांदीच्या. मग काचंखाली ठिवून उन्हात धरायचा. तसबीर उमटली की परत मिठात बुडवायची. तितका हायपो न्हाई ना आता. मीठ न्हाई घातलं तर उजेड तिला खाऊन टाकतो."

काकू कोपरावर उठल्या. "म्हंजे तिला दृष्ट लागती."

ह्या विषयात कुणी चुकीचं बोललं तर सुईसाहेब जेवण सोडून वाद घालायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारून सांगितलं, हो म्हणा!

"तसंच," ते म्हणाले.

"मग इतकी वर्सं सांगितलं कावून न्हाई?" काकू उसळल्या. "मला वाटायचं तुमी नुसती इखारी औषधं घालताय. मीठ घालत्यात म्हनल्यावर भ्यायचं काय त्यात? काढा तसबीर. पन मीठ मी घालनार, माझ्या हातानं. आन कागद झाला की काच फोडायची. माझं रिकामं कपाळ ह्या घरात ठिवायचं न्हाई."

सुईसाहेबांचा चेहरा उतरला. काच असली तर हवे तितके कागद काढता येतात. काच गेली की हातात एकच कागद, आणि तोही मिठाच्या भरवशावर. मीठ हायपोचं काम पुरतं करत नाही, थोडे दिवस दम धरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते एवढंच म्हणाले, "बरं. फोडीन."

चांदी काकूंनीच दिली. जुनी, झिजून बोटातून गळायला लागलेली जोडवी त्यांनी डबीत ठेवली होती. सोनाराकडच्या तेजाबात ती विरघळली.

त्या दिवशी सकाळी मी काकूंना न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं आणि कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं. अंगणात खांबाला टेकवून बसवलं. मांडीवर हात ठेवून त्या अशा बसल्या की मला बघवेना. सुईसाहेब डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभेच राहिले. पान माझ्या हातात वाळत चाललं.

"काय झालं, साहेब?"

"इतकी वर्सं हिच्या मागं लागलो, हालू नको, हालू नको," ते म्हणाले. "आता हालत न्हाई, तर मला धीर हुईना, मास्तरीणबाई."

"अवो, ऊन चाललं," काकू म्हणाल्या. "काढा आता."

त्यांनी झाकण काढलं. मी चुना लावला, कात लावला, सुपारी घातली. काकू दगडासारख्या स्थिर. विडा मुडपला आणि तेवढ्यात काकूंनी मान स्वयंपाकघराकडं वळवली. "अगं, वरन लागलं बघ खाली! वास येईना व्हय तुला?" आणि परत समोर बघायला लागल्या, जसं काही झालंच नाही. मी विडा तोंडात कोंबला. सुईसाहेबांनी झाकण लावलं.

"हालल्या!" मी ओरडले. मला काकूंचा असा राग आला म्हणून सांगू! एकच काच होती. वरण जळून कोळसा झालं असतं तरी चाललं असतं.

चार दिवसांनी कागद झाला. अंधाऱ्या कोठीत, लाल फडक्याच्या कंदिलाशी आम्ही तिघं. लुगड्याचे काठ आले होते, मांडीवरचे सुजलेले हात आले होते. चेहरे मात्र दोन. एक सरळ आमच्याकडं बघणारा, दुसरा फिका, चुलीकडं वळलेला. मी मान खाली घातली.

सुईसाहेब हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "हीच ती! अशीच बघितली मी हिला जन्मभर. एक डोळा माझ्याकडं, एक चुलीकडं!"

काकूंनी कागद जवळ घेतला आणि बोटानं मोजलं. "दोन कुंकवं हायत की गं," त्या मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला की सूज दिसेना. "दोन दोन!"

मग त्यांनी मूठभर मीठ घेतलं, तसबिरीवरून तीनदा उतरवलं आणि परातीतल्या पाण्यात सोडलं. सुईसाहेबांनी काच बाहेर नेली आणि धुण्याच्या दगडावर स्वतःच्या हातानं फोडली. आवाज ऐकून काकूंनी डोळे मिटले.

त्या श्रावण लागायच्या आत गेल्या. भरल्या कपाळानं गेल्या, गावानं हेवा केला. मला हेवाबिवा काही वाटला नाही. मी चुलीपाशी बसून हुंदके देऊन रडले.

त्यानंतर सुईसाहेबांनी डबा फडताळात ठेवून दिला. माझ्या सुया डबीतच राहायला लागल्या, आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही. तसबीर त्यांनी काळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवली होती. वर्षातून एकदाच काढायचे. दिवाळीच्या पाडव्याला, दिवेलागणीला, जेव्हा बायको नवऱ्याला ओवाळते. मी निरांजन धरायची, तेही लांबून, आणि ते पुठ्ठ्याचं भोक डोळ्याला लावून बघायचे. घटकाभर बघून गुंडाळून ठेवायचे. दर वर्षी कागद थोडा थोडा गडद होत होता.

लढाई संपल्यावर मास्तरांनी नगरहून हायपोची मोठी पुडी आणली. मी ती घेऊन धावत ओसरीवर गेले. "साहेब, आता पक्की करून टाका तसबीर!"

त्यांनी पुडी उघडली, वास घेतला आणि बाजूला ठेवली. "त्याच्या आधी कागद धुवावा लागतो, मास्तरीणबाई. मीठ निघून जातं सगळं."

"मग जाऊ द्या की!"

"तिनं घातलंय ते."

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हीच त्या कारखानदाराच्या मुलाची गोष्ट सांगत होतात ना, म्हटलं. औषध नव्हतं म्हणून रडत होता तो, आणि तुमच्या हातात औषध आहे! मी थांबल्यावर ते म्हणाले, "तिच्या हातचं मीठ हाय. माझ्यानं न्हाई धुवनार." पुडी मास्तरांना परत दिली.

आष्टीतून आमची बदली झाली त्या वर्षीचा पाडवा मला नीट आठवतो. सुईसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मी निरांजन धरलं, त्यांनी कापड सोडलं आणि पुठ्ठा डोळ्याला लावला. मी वाकून बघितलं. कागदावर काही उरलं नव्हतं. हात नाहीत, काठ नाहीत, दोनांतला एकही चेहरा नाही. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसता एक रंग, कुंकवाच्या करंड्यातल्या जुन्या पिंजरीसारखा, तांबूस काळा.

ते बराच वेळ भोकातून बघत होते.

"मला धुरकट दिसायलंय," शेवटी म्हणाले. "तुमी बघा. कुंकू दिसतंय का?"

"दिसतंय, साहेब."

"एक का दोन?"

मी खोटं बोलणारी बाई नाही, आणि त्या दिवशीही बोलले नाही.

"आता सगळं कुंकूच हाय," मी म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. कागद कापडात गुंडाळला, गाठ मारली.

"मग बरं हाय," ते म्हणाले. "हात अवघडला आसंल तुमचा, मास्तरीणबाई. ठिवा आता निरांजन. हाललात तरी चालतंय."